एक कंदील, दोन खेळाडू: टेक्स्ट गेममधून शिका कॉन्करंट प्रोग्रामिंग

एकाच प्रोग्रामने एकाच वेळी अनेक कामं सांभाळणं म्हणजे कॉन्करंट प्रोग्रामिंग. हे शिकायचा सोपा मार्ग म्हणजे छोटा मल्टीप्लेअर टेक्स्ट गेम बनवणं. यात चित्रं नसतात, सगळं टाइप करायचं: 'बाजारात जा', 'कंदील उचल'. अशा गेमला 'मड' म्हणतात. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला. रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला.

तयारी
समजा, वाशीम जिल्ह्यातलं आसेगाव हाच तुमचा नकाशा: बसस्टँड, बाजार, शाळा. लॅपटॉप नसला तरी चालेल. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स अ‍ॅपमध्ये पायथन चालतं. एका फोनवर सर्व्हर आणि हॉटस्पॉट सुरू करा, मित्र आपापल्या फोनवरून जोडले जातील.

थ्रेड कशाला?
सर्व्हर एका खेळाडूच्या टायपिंगची वाट बघत बसला, तर बाकीचे लटकतात. म्हणून प्रत्येक खेळाडूला वेगळा थ्रेड द्यायचा.

खरी गंमत इथे
बाजारात एकच कंदील आहे. दोघं एकदम 'उचल' म्हणतात. पहिला थ्रेड तपासतो: कंदील आहे. तो उचलण्याआधीच दुसराही तपासतो: आहे! आता दोघांच्या पिशवीत कंदील. याला रेस कंडिशन म्हणतात. रेल्वेची शेवटची सीट किंवा खात्यातली शिल्लक, तिथेही हाच धोका असतो.

ही चूक रोज दिसत नाही, म्हणूनच ती फसवी. मुद्दाम बघायची असेल तर तपासणं आणि उचलणं यांच्यामध्ये दोन सेकंदांचा थांबा टाका.

उपाय: लॉक
तपासणं आणि उचलणं, दोन्ही एकाच लॉकच्या आत ठेवा. एक थ्रेड आत असताना दुसरा बाहेर थांबतो. 'पायथनमध्ये जीआयएल आहेच की!' असं कोणी म्हणेल. पण ते पायथनचा आतला कारभार सांभाळतं; तुमच्या दोन पायऱ्या एकत्र बांधून देत नाही.

लॉकचीही अडचण
प्रत्येक पिशवीला लॉक दिलं आणि दोघं एकाच वेळी एकमेकांना वस्तू द्यायला लागले, तर? प्रत्येकजण आपली पिशवी धरून दुसऱ्याच्या पिशवीची वाट बघतो. गेम कायमचा अडकतो. हा डेडलॉक. नियम सोपा आहे: देणारा कोणीही असो, लहान नंबरच्या खेळाडूचं लॉक आधी घ्यायचं.

आधी कंदील दोघांना मिळू द्या, मगच लॉक लावा. चूक डोळ्यांनी पाहिली की लॉक कशासाठी हे विसरत नाही.