अर्ज आणि दाखला : बीड परिसरातील सरकारी नोकरीच्या कागदांचा इतिहास

बीड तालुक्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान वारकऱ्यांत ‘धाकटी पंढरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, विजयादशमीस, ह्या गडावर मनोज जरांगे-पाटील यांचा मराठा आरक्षणासाठी मेळावा भरला. गडावर वारीस येणाऱ्या कुळांचे नोकरीच्या कागदाशी असलेले नाते मात्र ह्या मेळाव्याहून पुष्कळ जुने असून, त्याची मुळे निजामी राजवटीत आहेत.

‘अर्ज’ आणि ‘उमेदवार’ हे दोन्ही शब्द मराठीत दरबारी व्यवहारातून आले. अर्ज म्हणजे वरिष्ठांपुढे नम्रपणे केलेली विनंती. उमेदवार म्हणजे आशा धरून राहिलेला. जागा रिकामी होईल ह्या आशेने दफ्तरात बिनपगारी राबणे, ह्यालाच ‘उमेदवारी करणे’ म्हणत. गावगाड्यात अर्जाचा प्रश्नच नव्हता. पाटीलकी व कुळकर्ण वतनाने चालत आणि वतनदारास आपली योग्यता कोणापुढे मांडावी लागत नसे. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिलाबंदी केली, पगारी अधिकाऱ्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि अर्ज करून मिळवावयाची नोकरी ही वस्तू ह्या मुलखात प्रथमच आली.

ती बीडच्या शेतकऱ्याच्या मुलास मात्र सहजी मिळाली नाही. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास अर्ज परक्या भाषेत व परक्या लिपीत लिहावा लागे, अथवा लिहून घ्यावा लागे. शिवाय नव्या कचेऱ्यांसाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली गेली, त्यामुळे ‘मुलकी’ व ‘गैरमुलकी’ असा वाद हैदराबादेत दीर्घकाळ धुमसत राहिला.

ह्या वादाचा निकाल १९१९ च्या फर्मानाने लावण्याचा प्रयत्न झाला. निजामाच्या खास मंजुरीवाचून गैरमुलकी माणसास कोणतीही सरकारी नोकरी देऊ नये, असा दंडक घालण्यात आला. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला तो मुलकी. आणि बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षे कायम वास्तव्य केले असेल व मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यापुढे केले असेल, तर तोही मुलकी. अर्जदारास काय येते ह्या प्रश्नाच्या आधी तो कोठला आहे हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर देणारा दाखला अर्जाइतकाच महत्त्वाचा ठरला. नारायणगडच्या पंचक्रोशीतील माणूस जन्मानेच मुलकी होता, ह्यात शंका नव्हती. पण ह्या हक्काचा त्यास फारसा लाभ झाला असे म्हणता येत नाही. दाराची एक कडी निघाली तरी भाषेचे कुलूप तसेच राहिले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले व १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुलकी नियम आंध्र प्रदेशाच्या राजकारणात पुढेही गाजत राहिले आणि १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले. मराठवाड्यात त्यांची जागा दुसऱ्याच आश्वासनाने घेतली होती. १९५३ च्या नागपूर कराराने सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे मान्य केले होते. तो वाटा मिळाला नाही ही तक्रार १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात प्रकर्षाने पुढे आली.

त्यानंतरचा टप्पा जातीच्या दाखल्याचा. महाराष्ट्रात कुणबी ही जात इतर मागासवर्गीयांत मोडते, आणि त्या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख धरतात. म्हणजे पुरावा त्यापूर्वीचा असावा लागतो. १ जून २००४ च्या शासननिर्णयाने ‘मराठा-कुणबी’ व ‘कुणबी-मराठा’ ह्यांचाही त्यात समावेश झाला. मराठ्यांना स्वतंत्र आरक्षण देणारा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी अवैध ठरविल्यावर सर्वांचे लक्ष जुन्या नोंदींकडे वळले. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील महसुली पत्रके, खासरा व पाहणी पत्रके, शाळांची प्रवेश-निर्गम पुस्तके तपासण्यास घेतली. नोंदी पुष्कळदा उर्दूत वा मोडीत, आणि त्या वाचणारे थोडे. सारा कोणी भरावा हे ठरविण्यासाठी कारकुनाने ओढलेल्या एका शब्दावर त्याच्या चौथ्या पिढीची नोकरी अवलंबून राहावी, ही गोष्ट त्या कारकुनाच्या स्वप्नातही आली नसेल.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. गॅझेटियरमध्ये समूहाची संख्या असते, व्यक्तीचे नाव नसते. म्हणून गावपातळीवर चौकशी समित्या नेमण्यात आल्या. जमिनीचा कागद नसलेल्याने आपण वा आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे, अशी तरतूद आहे. वास्तव्य आणि प्रतिज्ञापत्र ही १९१९ ची जोडी येथे पुन्हा भेटते. फरक हा की मुलकी नियम बाहेरच्या माणसास थोपविण्यासाठी होते, तर हा वाद एकाच गावातील शेजाऱ्यांच्या वाट्याचा आहे. इतर मागासवर्गीयांच्या संघटनांनी निर्णयास न्यायालयात आव्हान दिले, ते आपला वाटा घटेल ह्या भीतीने. आणि जागा मोजक्या असता ती भीती निराधार म्हणता येत नाही.

दाखला हाती आला तरी काम संपत नाही. जातप्रमाणपत्र पडताळणीच्या २००० च्या अधिनियमानुसार पडताळणी समितीकडून वैधता घ्यावी लागते, आणि आपली जात सिद्ध करण्याचा भार ह्या कायद्याने अर्जदारावरच टाकला आहे. अर्ज आता संगणकावर भरतात, छायाचित्र व सही त्यावरच चढवितात; आजोबांच्या नोंदीचा उतारा मात्र अजून तहसिलाच्या अभिलेख कक्षातूनच काढून आणावा लागतो.