माळव्यातून समुद्राकडे

आमची एक मावसबहीण इंदूरला दिली आहे. तिच्या सासरची माणसे तीन पिढ्यांची इंदूरकर; घरात मराठी, अंगणात माळवी आणि बाजारात हिंदी बोलणारी. तिचे यजमान निवृत्त झाले आणि दोघांनी मुंबई-गोवा-मुंबई अशा क्रूझची तिकिटे काढली. लगेच भावोजींचा फोन आला. "तुम्ही गोव्याचे. समुद्राचं काय ते तुम्हांलाच ठाऊक. जेवणाखाण्याचं कसं असतं? पोटात ढवळतं म्हणतात, त्याला काय करायचं? आणि गोव्यात उतरायला वेळ किती मिळतो?"

प्रश्न तिन्ही रास्त. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. माळव्यातल्या मराठी माणसाला समुद्रावर जायची वेळ आली की हेच प्रश्न निघतात, आणि ते शंभर-सव्वाशे वर्षे निघत आले आहेत. उत्तर देणारा मात्र बदलला. पूर्वी शास्त्रीबुवा उत्तर देत, आता ट्रॅव्हल एजंट देतो. दोघेही एक गोष्ट हमखास सांगायची विसरतात. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

गोव्याच्या वाचकाने इंदूरचे भूगोलातले स्थान थोडे डोळ्यांसमोर आणावे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच पठार, मध्ये नर्मदेचे खोरे, सातपुडा, मग खानदेश, मग घाट, आणि मग कुठे मुंबई. तिथे 'सागर' म्हणजे तलाव. इंदूरला पाणी पुरवणारा गंभीर नदीवरचा यशवंत सागर हाच त्यांचा सागर. इंदूरचेच सरदार माधवराव किबे हे मोठे व्यासंगी गृहस्थ. रावणाची लंका सिंहलद्वीपात नव्हती, ती मध्य भारतात अमरकंटकाजवळ होती, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. तो विद्वानांनी खोडला, उचलला, पुन्हा खोडला; त्यात मी पडत नाही. पण मारुतीचे उड्डाणसुद्धा खाऱ्या पाण्यावरून न नेता भागवणारा पंडित इंदुरातच निघावा, याचे मला फार कौतुक वाटते.

या पठाराला समुद्र जवळ आणला तो रेल्वेने. जी.आय.पी. रेल्वे खांडव्याला पोचली होती. तिथून इंदूरपर्यंत फाटा काढावा म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे ही घटना तेव्हाही नवलाचीच होती. नर्मदेवरचा पूल झाला, घाट फोडला गेला आणि १८७० चे दशक संपता संपता इंदूरला आगगाडी धावू लागली. तिकडे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता. म्हणजे दहाएक वर्षांच्या आत इंदूरच्या माणसाला घरापासून मुंबईच्या धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून विलायतेपर्यंत सरळ वाट मिळाली. तोवर सबंध वाट एकाच बोटीने करायची तर विलायत म्हणजे आफ्रिकेला वळसा आणि काही महिन्यांचा प्रवास. आता ते काम तीनेक आठवड्यांवर आले.

वाट झाली, पण जायचे कोणी? धर्मशास्त्राने समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत घातलेली. बौधायनाने तर ती पतन घडवणाऱ्या कृत्यांत मोजलेली. या नियमाचा चटका बसलेला एक जुना मराठी प्रवासी इतिहासात आहे, आणि त्याचा दूरचा संबंध होळकरांशीही लागतो. १७६७ साली राघोबादादा होळकरांची दौलत घशात घालायला माळव्यावर चालून आले आणि अहिल्याबाईंचा करारीपणा पाहून माघारी फिरले, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली आहे. याच राघोबादादांनी पुढे पेशवाईच्या भांडणात मदत मागण्यासाठी हणमंतराव नावाचा आपला ब्राह्मण वकील थेट इंग्लंडला पाठवला. सोबत मणियार नावाचा पारशी. १७८१ साली ते दोघे तिथे होते. हणमंतरावांना सोवळ्यात स्वयंपाक करायला जागा मिळेना. तेव्हा एडमंड बर्क या प्रसिद्ध वक्त्याने बीकन्सफील्डच्या आपल्या बागेतले झाडांसाठी बांधलेले काचघर त्यांना दिले. विलायतेच्या थंडीत, काचेच्या खोलीत, झाडांच्या कुंड्या बाजूला सारून एक मराठी ब्राह्मण भात शिजवतो आहे, हे चित्र एखाद्या चित्रकाराने काढायला हवे होते. परत आल्यावर त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि त्याची हकिगत इंग्रजांनी मोठ्या चवीने लिहून ठेवली.

एवढ्यावरून लक्षात येते की त्या काळी पहिल्यांदा बोटीवर चढणाऱ्याला शास्त्रीबुवा काय सांगत. पाणी कुठले प्याल, शिजवील कोण, आणि परत आल्यावर शुद्धी कशी कराल. बस्स. वादळाचा उल्लेख नाही, बोटीचा नाही.

ऐपतदारांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. शिवाजीराव होळकर १८८६ साली गादीवर बसले आणि दुसऱ्याच वर्षी, १८८७ त, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी विलायतेला गेले. ज्या रेल्वेसाठी वडिलांनी कोटी मोजले, ती झाल्यावर दहा वर्षांत मुलगा समुद्रावर! सगळ्यांत कडेलोट केला तो जयपूरच्या सवाई माधोसिंहांनी. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला जाताना त्यांनी 'ऑलिंपिया' ही अख्खी बोट भाड्याने घेतली आणि गंगाजल नेण्यासाठी चांदीचे प्रचंड हंडे बरोबर घेतले. एकेक हंडा ३४५ किलो चांदीचा, पाणी मावणार चार हजार लिटरच्या घरात. ते हंडे आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये उभे आहेत. इंदूरचे लोक जयपूरला नेहमी जातात, हंड्यांपुढे उभे राहून फोटोही काढतात. पण तो प्रवासी सामानाचा भाग होता, हे किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे.

ज्यांच्याकडे हंडे नव्हते त्यांनी काय केले? आनंदीबाई जोशी १८ वर्षांच्या असताना ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. जवळपास दोन महिने. सोबतीला ना नवरा, ना भाऊ. होळकर, जयपूरकर यांच्या प्रवासापेक्षा मला हा प्रवास मोठा वाटतो.

आता माळव्याचा आणि आपल्या गोव्याचा धागा जिथे जुळतो तो भाग. १८९१ साली कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही नवी बोट लिव्हरपूलहून सुएझमार्गे पूर्वेकडे निघाली, आणि तिच्या या पहिल्या फेरीसाठी कंपनीने जगप्रदक्षिणेची तिकिटे विकली. कामासाठी नव्हे, तर हिंडण्यासाठी बोटीत बसायचे, ही कल्पना तेव्हा नुकतीच मूळ धरत होती. आजच्या क्रूझचे हे पणजोबा-पणजी. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीस, ही बोट इंदूरच्या शेजारच्या ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली आणि 'लॉयल्टी' या नव्या नावाने जखमी सैनिकांसाठी रुग्णालयाची बोट म्हणून ती चालू लागली. युद्ध संपल्यावर ती वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी घेतली. शिंद्यांची बोट, म्हणून कंपनीचे नाव 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन'. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय सागरी दिन आपण त्याच तारखेला पाळतो. बोट तशी म्हातारी होती, चार वर्षांत भंगारात गेली. कंपनी मात्र टिकली, वाढली आणि पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी तिच्या हाताखाली आली. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या मुलखातल्या सरदार घराण्याचे नाव घेऊन चालणारी कंपनी कोकण-गोव्याच्या बोटींची मालकीण झाली.

या बोटींविषयी गोमंतकीय वाचकांना मी काय सांगावे? रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत बोट पणजीला यायची. पुष्कळ बंदरांत ती धक्क्याला लागतच नसे. खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या वर चढायच्या. डेकवर पहिल्यांदा पथारी टाकील त्याची जागा. मी लहानपणी 'कोकण सेवक'वरून आलो आहे. आईने वळकटी उलगडली ती नेमकी चिमणीच्या उबेला, आणि रात्रभर कोणी तरी भजने म्हणत होते एवढे आठवते. ऐंशीचे दशक सरता सरता ही सेवा बंद पडली. मग २०१८ साली 'आंग्रिया' आली, आणि २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'. हीही १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून जन्मलेली, दुसऱ्या देशांत खपून आलेली. एम्प्रेसांचा आणि आपल्या किनाऱ्याचा काही ऋणानुबंध दिसतो.

पण या डेकवरच्या आठवणींना एक काळी कड आहे, आणि शास्त्री व एजंट दोघेही जे सांगत नाहीत ते इथे येते. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरलेला. दिव्यांच्या अवसेला घरी पोचायचे म्हणून माणसांनी खच्चून भरलेली 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी समुद्र. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईत बातमी कळायलाच दुपार उलटली. कोणत्या बाजूला उभे राहायचे, जाकीट कुठे आहे, हाक आली तर कुठे जमायचे, हे त्या माणसांना कोणी सांगितले होते?

जगाने हा धडा तुकड्यातुकड्याने घेतला. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाली, त्यानंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरी २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आडवी झाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. ३२ जण मेले. तेव्हापासून नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ही कवायत घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ही सर्वांना एकत्र बोलावण्याची खूण. जमायची जागा खोलीच्या दाराआड लिहिलेली असते. लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने जायचे. बहुतेक प्रवासी या वेळी वरच्या डेकवर फोटो काढत असतात किंवा जेवणाच्या रांगेत पहिले यायची खटपट करत असतात. भावोजींना मी पहिले हेच लिहून कळवले, बाकीचे नंतर.

बाकीचे म्हणजे असे. जेवणाची चिंता नको. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन ताटाची सोय असते. हणमंतराव आज असते तर काचघर लागले नसते. घरचे खाद्यपदार्थ मात्र बहुधा वर नेऊ देत नाहीत. इंदूरकराला शेवेशिवाय दोन दिवस काढणे जड जाईल, पण इलाज नाही. तिकिटात काय धरले आहे आणि कशाचे पैसे वेगळे, हे आधी वाचावे. पेये, इंटरनेट, किनाऱ्यावरची सहल यांचा हिशेब शेवटच्या दिवशी हातात पडतो. ओळखपत्रावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरशः एक असावे.

पोटात ढवळण्याचे कारण पोटात नसून कानात असते. आतला कान सांगतो आपण हलतो आहोत, डोळे सांगतात खोली स्थिर आहे. या भांडणात जीव कासावीस होतो. म्हणून खोली घ्यायची ती खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी. तिथे हेलकावा सर्वांत कमी. ढवळू लागले तर उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू होण्याआधी. आमचे जुने लोक आले चघळत आणि रिकाम्या पोटी बोटीवर चढत नसत. जून ते सप्टेंबर हा समुद्र आपला नव्हे. कोकणच्या बोटीही पावसाळ्यात बंद असत.

तिसरा प्रश्न गोव्यात उतरण्याचा. जुनी बोट आग्वादला वळून मांडवीत शिरायची आणि पणजीच्या मध्यात माणसे उतरवायची. आजच्या एवढ्या मोठ्या जहाजाला मांडवीच्या मुखावरचा वाळूचा बांध ओलांडता येत नाही. ते झुवारीच्या तोंडाशी, मुरगाव बंदरात लागते. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा. जहाज कोणासाठी थांबत नाही. परत चढायची वेळ कळली की त्याच्या तासभर आधी बंदरात असावे. मंगेशी, शांतादुर्गा आणि जुने गोवे एकाच फेरीत उरकायचा हट्ट धरू नये, एक काही तरी नीट पाहावे.

आणि पहाटे लवकर उठून डाव्या बाजूच्या कठड्याशी उभे राहावे. आधी आग्वादचा किल्ला येतो, मग मांडवी आणि झुवारी यांच्यामध्ये घुसलेले काबोचे टोक, मग मुरगावची डोंगरी. काबोच्या अलीकडे पाण्याचा रंग बदललेला दिसतो. आमची बोट तिथे वळायची.