पोर्तुगालचे अमली पदार्थ धोरण (2001)

अमली पदार्थांचे सेवन आणि स्वतःपुरता साठा या बाबी फौजदारी गुन्ह्यांतून वगळणारे धोरण. त्याचा कायदा 1 जुलै 2001 रोजी लागू झाला. पोर्तुगालने अमली पदार्थ कायदेशीर केले, हा सर्रास आढळणारा समज चुकीचा आहे.

1974 मध्ये हुकूमशाही कोसळल्यावर देश जगाला खुला झाला आणि पाठोपाठ हेरॉइन आले. 1990 च्या दशकाअखेर, जेमतेम एक कोटीच्या लोकसंख्येत हेरॉइनच्या व्यसनींची संख्या लाखाच्या घरात गेल्याचा अंदाज होता. लिस्बनच्या कझाल व्हेन्तोझू वस्तीत भर दिवसा सुया टोचल्या जात. एकच सुई अनेकांनी वापरल्याने एचआयव्ही फैलावला. 1998 मध्ये सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचे सदस्य डॉ. जुआंव गुलांव पुढे या धोरणाचे प्रमुख शिल्पकार म्हणून ओळखले गेले.

दहा दिवस पुरेल इतका साठा (हेरॉइन 1 ग्रॅम, गांजा 25 ग्रॅम) सापडला, तर पोलीस तो जप्त करतात आणि त्या व्यक्तीला अशा प्रकरणांसाठीच्या खास आयोगापुढे पाठवतात. आयोगात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतले तिघे असतात. व्यसन जडलेले नसेल आणि पहिलीच वेळ असेल, तर प्रकरण स्थगित ठेवतात. व्यसनीला दंड करत नाहीत, उपचारांकडे वळवतात. या व्यवस्थेचा खरा कणा हाच आहे.

1999 मध्ये तुरुंगांतले सुमारे 44 टक्के कैदी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतले होते. 2008 पर्यंत हे प्रमाण सुमारे 21 टक्क्यांवर आले. सुईद्वारे होणारी एचआयव्हीची नवी लागण तर झपाट्याने घटली. याचे सगळे श्रेय कायद्याला देणे मात्र अन्यायाचे ठरेल. मेथाडोन (हेरॉइनऐवजी दिले जाणारे औषध) उपचार, स्वच्छ सुया आणि पुनर्वसन यांवर सरकारने त्याच काळात पैसा ओतला होता. आर्थिक संकटानंतर 2012 मध्ये व्यसनोपचार पाहणारी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था मोडून उपचारकेंद्रे प्रादेशिक आरोग्य प्रशासनांकडे सोपवली गेली, निधी आटला, आणि पुढे पोर्तोच्या रस्त्यांवर उघड्यावर होणाऱ्या सेवनाविरुद्ध नागरिक तक्रारी करू लागले. तुरुंगाचे दार बंद करून दवाखान्याचे उघडले नाही, तर अशा धोरणाचा पाया खचतो.

तस्करी पोर्तुगालमध्ये आजही गुन्हाच आहे. हेरॉइन-कोकेनच्या तस्करीला 4 ते 12 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.