मीठ चाखायचं काम तुमचं

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा आणि नयानगरच्या दिशेने चालू लागा. 2026 चा मार्च, रमजानचे दिवस, संध्याकाळचे सहा वाजून गेलेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खजुराचे ढीग, समोशाच्या कढया, कापलेल्या कलिंगडाच्या थाळ्या. चालता चालता एक साधा हिशेब ध्यानात घ्या. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून सण आपापल्या ऋतूत धरून ठेवतात. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येऊन पोचतो. आज इफ्तारची जी वेळ आहे, जवळपास तीच 1993 च्या मार्चमध्ये होती. आज तिकडे जाणं त्यामुळे सोपं आहे. हैदरी चौक ओलांडा, वय मागे ठेवा आणि सात वर्षांचे व्हा.

पहाटेचे पाच वाजायचेत. दादीचा हात तुमच्या कपाळावर आहे. "ऊठ, सेहरीला उठायचंय म्हणून रात्री हट्ट कुणी केला होता?" तुम्ही डोळे चोळत खाटेवरून उतरता आणि पाय कुणाच्या तरी अंगावर पडतो. जमिनीवर ओळीने झोपलेली ही तुमची मावसभावंडं. जानेवारीत मुंबईत दंगल पेटली, त्या आठवड्यात खाला त्यांना घेऊन दोन पिशव्यांनिशी इथे आली आणि मग परत गेलीच नाही. अशी कितीतरी कुटुंबं या वर्षी मुंब्र्याला आणि मीरा रोडला आली आहेत. सय्यद नझर हुसेन यांनी वसवलेलं हे नयानगर अजून नवंच आहे. चार मजली इमारती, मध्येच मोकळं मैदान, पलीकडे खाजण आणि मिठागरं, आणि पाण्यासाठी टँकरची वाट बघणं. सगळ्या मीरा-भाईंदरची वस्ती 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात होती. 2011 मध्ये ती आठ लाखांवर जाईल.

दादी मूळची रायगडची, त्यामुळे पहाटेच्या सेहरीला तांदळाची भाकरी आणि रात्रीचं सालन. तुम्ही मोठ्यांच्या पंगतीत बसता. कालपर्यंत या वेळेला घरात काय चालतं हे तुम्हाला ठाऊकही नव्हतं. साडेपाचच्या सुमाराला अजान होते, अब्बू पाण्याचा शेवटचा घोट घेऊन पेला खाली ठेवतात, आणि तुम्हीही तसाच, त्यांच्याकडे बघत, पेला ठेवता.

दुपारी बारा वाजता पोटात कालवतं. वयात येईपर्यंत मुलावर रोजा फर्ज नाही, हे दादीला पक्कं माहीत आहे; पण ती तसं म्हणत नाही. "रोजा मटक्यात ठेव, जेवून घे, मग काढून घे," एवढंच म्हणते. तुम्ही स्वयंपाकघरातल्या माठाचं झाकण उचलता, तोंड आत नेऊन काहीतरी पुटपुटता, झाकण लावता आणि वरण-भात जेवता. जेवल्यावर झाकण उघडून रोजा परत घेता. थोरल्या भावाने लहानपणी एका दाढेचा रोजा केला होता. दिवसभर उजव्या बाजूने खायचं, डावी बाजू रोजाला. कुणी हसत नाही. माझ्या मते या दोन युक्त्यांमध्ये बालमानसशास्त्राचं अख्खं पुस्तक आहे. मूल हरत नाही, उपाशी राहत नाही, आणि दिवसातून बाहेरही पडत नाही.

खरी तुमची वेळ मात्र चार वाजता येते. अम्मी भज्यांचं पीठ कालवते, चण्यांना फोडणी देते, खिम्याचं सारण परतते. घरात सगळ्या मोठ्यांना रोजा. मग मीठ बरोबर आहे का, हे कोण सांगणार? "इकडे ये," अम्मी हाक मारते. चमच्याच्या टोकावर सारण, त्यावर तिची फुंकर. तुम्ही चाखता. सगळ्या बायका हातातलं काम थांबवून तुमच्या तोंडाकडे बघताहेत. "थोडं कमी आहे," तुम्ही म्हणता. अम्मी निमूटपणे चिमूटभर मीठ टाकते, पुन्हा चमचा पुढे करते. घरात कुणालाच न जमणारं काम तुम्हाला जमतं, तेही रोजा फर्ज नसल्यामुळेच. उद्या मीठ जास्त झालं तर बोलणी तुम्हीच खायची.

मग बशा पोचवायच्या. होळीचे दिवस आहेत. 7 मार्चची रात्र. होळी पौर्णिमेची आणि रमजान चंद्रावर चालणारा, त्यामुळे रमजान फाल्गुनात आला की होळी त्याच्या मधोमध पडणारच. भजी आणि फळं भरलेली, क्रोशाच्या रुमालाने झाकलेली बशी घेऊन तुम्ही समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचं दार वाजवता. त्या दार उघडतात, क्षणभर जिन्यात कुणी आहे का बघतात. दंगलीपासून सगळेच तसं बघतात. मग बशी आत नेतात आणि परत देताना तिच्यावर पुरणपोळी असते. रिकामी बशी परत करायची नाही, हे त्यांच्या घरातही ठरलेलं आहे. दोन्ही हातांनी बशी धरून रस्ता ओलांडताना तुम्हाला एकच काळजी आहे: तूप रुमालाला लागू नये.

12 मार्च, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजारात स्फोट होतो आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत मुंबईत बारा ठिकाणी. 257 माणसं जातील, हे नंतर कळेल. आत्ता कळतंय ते इतकंच, की अब्बूंची कचेरी फोर्टात आहे आणि शेजारच्यांकडचा फोन लागत नाही. खाला कोपऱ्यात बसून तस्बीहची माळ ओढते आहे. अम्मी टीव्ही बंद करते, तुमच्यासमोर परात ठेवते आणि खजुराची पिशवी ओतते. "बिया काढ. एकेकाला तीन-तीन. अब्बूंचे वेगळे ठेव." तुम्ही बिया काढत राहता. बोटं चिकट होतात. मोठ्यांचे आवाज दबलेले आहेत, पण तुमच्या हाताला काम आहे आणि ते वेळेत संपवायचं आहे. पावणेसातला अजान होणार. ती होते, सगळे रोजा सोडतात, अब्बूंचे तीन खजूर वाटीत तसेच राहतात. रात्री उशिरा ते स्टेशनवरून चालत येतात, शर्ट घामाने भिजलेला. तुम्ही आधी वाटी पुढे करता.

इथून आणखी मागे जाऊ या, जवळपास चौदाशे वर्षं. मदिनेत आशुऱ्याचा, म्हणजे मोहरमच्या दहाव्या तारखेचा, दिवस आहे. बायकांनी रोजा ठेवला आहे, पोरांनाही ठेवायला लावला आहे. एक मूल भुकेने रडतं. त्याची आई पिंजलेल्या लोकरीचं खेळणं त्याच्या हातात देते आणि इफ्तारपर्यंत ते त्याच्याशी खेळत राहतं. रुबय्यिअ बिन्त मुअव्विज या पैगंबरांच्या सहवासातल्या बाईंनी ही आठवण सांगितली, आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती नोंदली गेली. इतक्या थोर ग्रंथांत लोकरीच्या खेळण्याला जागा मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या आईने मुलाला गप्प बसवण्यासाठी धाक घातला नाही. हाताला काहीतरी दिलं.

परत या. ईद चार दिवसांवर आली आहे आणि बेकरीत नानकटाईची रांग लागली आहे. दिवाळीत तुमच्या-आमच्या आयाही अशाच रांगेत उभ्या असायच्या. घरून मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा, वेलची आणायची, बेकरीवाला काळे पत्रे देतो. तुम्ही उकिडवे बसून गोळे वळता. अम्मीचे सगळे सारखे, तुमचे लहानमोठे. मधोमध अंगठ्याने दाबून एकेक चारोळी बसवायची, पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी खोचायची आणि मग सगळ्यात मोठी जबाबदारी, आपला पत्रा दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून भट्टीसमोर पहारा द्यायचा. तोंडाला सुटलेलं पाणी गिळत तुम्ही तासभर उभे राहता. बाहेर आलेल्या पत्र्यावर तुमचे वेडेवाकडे गोळे लगेच ओळखू येतात. ईदला पाहुण्यांच्या बशीत अम्मी तेही ठेवते.

आदल्या दिवशी फित्रा. नमाजेआधी गरिबाच्या घरी पोचायला हवा, म्हणजे त्याचीही ईद होते. माणशी दोन किलोंच्या आसपास गहू किंवा त्याचे पैसे. घरातल्या प्रत्येकाचा, तान्ह्या बाळाचासुद्धा. अब्बू वजनं टाकतात, माप तुम्ही ओतता. "हा दादीचा, हा खालाचा, हा तुझा." यंदा पाळण्यातल्या मावसबहिणीचाही आहे. तिच्या नावाचे गहू तुमच्याच हातून पिशवीत पडतात.

आता 2026 मध्ये या. सेहरीला मोबाइलचा गजर आहे, नानकटाई तयार मिळते, पहिला रोजा ठेवलेल्या मुलांचे हार घातलेले फोटो उर्दू वर्तमानपत्रांत येतात. या कौतुकाबद्दल माझी तक्रार नाही. पण सहा-सात वर्षांच्या मुलांमध्ये कुणाचे किती रोजे झाले याची चढाओढ लागते, आया ती व्हॉट्सअॅपवर मोजतात, आणि परीक्षेच्या दिवसांत एखादं पोर चक्कर येईपर्यंत पाणी पीत नाही. हे मला अजिबात पटत नाही. ज्याची सक्ती धर्मानेच केली नाही, ती आपण कशाला करायची? मुलांच्या हाताला काम मात्र आजही लागतं. 2024 च्या जानेवारीत याच नयानगरात तणाव निर्माण झाला, पाठोपाठ दुकानांवर बुलडोझर चालला आणि दोन महिन्यांच्या आत रमजान आला. तेव्हाही घराघरांत मुलं होती, त्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता, आणि चार वाजता सारणाचं मीठ कुणीतरी चाखायला हवंच होतं.

तेव्हा या रमजानात ओळखीच्या घरी गेलात, तर तिथल्या लहानग्याला "किती रोजे ठेवलेस?" असं विचारू नका. "तुझ्याकडे काम कोणतं आहे?" असं विचारा. आणि झाकलेली बशी घेऊन एखादं मूल तुमच्या दाराशी आलं, तर मोठ्यांना हाक मारण्याआधी ती त्याच्याच हातून घ्या, आणि परत देताना रिकामी देऊ नका.