ॲना इव्हानोव्हना
ॲना इव्हानोव्हना (७ फेब्रुवारी, १६९३:मॉस्को, रशिया - २८ ऑक्टोबर, १७४०:सेंट पीटर्सबर्ग, रशिया) ही १७३० ते १७४० दरम्यान रशियाची सम्राज्ञी होती. झार पाचवा इव्हान हा तिचा पिता, तर पीटर द ग्रेट तिचा चुलता होय.

पीटरने १७१० साली तिचा विवाह कुरलँडच्या ड्यूकशी लावून दिला. काही आठवड्यांतच ती विधवा झाली आणि पुढची अनेक वर्षे तिने मिताऊ (सध्याचे येल्गावा, लात्व्हिया) येथे पैशांच्या विवंचनेत काढली. १७३० मध्ये दुसरा पीटर देवीच्या रोगाने मरण पावला, तेव्हा सर्वोच्च गुप्त मंडळाने तिला सिंहासन देऊ केले. युद्ध, कर, विवाह आणि वारस यांबाबत मंडळाच्या संमतीशिवाय निर्णय घेऊ नये, अशा अटी तिच्याकडून लिहून घेण्यात आल्या. मॉस्कोत पोचल्यावर मात्र सामान्य सरदार आणि शाही रक्षकदल यांचा पाठिंबा मिळताच तिने तो कागद सर्वांसमक्ष फाडला.

तिच्या काळात राजधानी पुन्हा सेंट पीटर्सबर्गला आली, लष्करी छात्रशाळा (१७३१) आणि नृत्यशाळा (१७३८) निघाल्या आणि तुर्कस्तानशी युद्ध (१७३५-३९) झाले. लोकस्मृतीत मात्र तिचा प्रियपात्र बिरॉन, गुप्त पोलिसांचा धाक आणि दरबारी विदूषकच अधिक राहिले.

कलेतील चित्रण

ॲनाची हयातीतील चित्रे अर्थातच गौरवपर आहेत. लुई काराव्हाकने १७३० मध्ये तिला राज्याभिषेकाच्या वेषात रंगविले. क्रेमलिनमधील सुमारे २०० टन वजनाची झार घंटा तिच्याच आज्ञेने ओतली गेली व तिच्यावर ॲनाची उठावातील आकृती आहे. १७३७ च्या आगीत घंटेचा तुकडा निखळला आणि ती कधीच वाजली नाही. कार्लो बार्तोलोमेओ रास्त्रेल्लीचा कृष्णवर्णीय बालसेवकासह असलेला तिचा कांस्यपुतळा १७४१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पूर्ण झाला. जडजवाहिरांनी भरलेला अवजड पोशाख, स्थूल देह आणि कठोर मुद्रा यांत शिल्पकाराने फारशी खुशामत केलेली दिसत नाही.

नंतरच्या कलावंतांना १७४० च्या हिवाळ्यातील बर्फमहालाने भुरळ घातली. सरदार मिखाईल गोलित्सिन याला विदूषक बनवून त्याचे लग्न आव्दोत्या बुझेनिनोव्हा या काल्मिक दासीशी लावण्यात आले आणि दोघांना कडाक्याच्या थंडीत नेव्हाकाठच्या त्या बर्फाच्या घरात रात्रभर ठेवले. या सोहळ्याचा व्यवस्थापक, मंत्री व्होलिन्स्की, त्याच वर्षी मृत्युदंडाला सामोरा गेला. लाझेच्निकोव्हच्या 'बर्फाचे घर' (१८३५) या कादंबरीने त्याला देशभक्त नायक केले. प्रत्यक्षात याच व्होलिन्स्कीने लग्नासाठी कविता लिहिणाऱ्या त्रेदियाकोव्हस्कीला मारहाण केली होती. पुश्किननेही कादंबरीकाराला पत्र लिहून इतिहासाशी झालेल्या या फारकतीबद्दल नापसंती कळविली. कादंबरीची लोकप्रियता त्याने कमी झाली नाही.

व्हालेरी याकोबीच्या 'सम्राज्ञी ॲनाच्या दरबारातील विदूषक' (१८७२) आणि 'बर्फाचे घर' (१८७८) या चित्रांत हेच कथानक येते. वासिली सुरिकोव्हने १९०० मध्ये तिला पीटरहोफ येथे हरणांची शिकार करताना दाखविले. तिला नेमबाजीचा खरोखरच छंद होता.

या प्रतिमेचा पाया मात्र १७४१ मध्ये उठाव करून सत्तेवर आलेल्या एलिझाबेथच्या काळात घातला गेला. आधीची राजवट परकीय जर्मनांची होती, असे दाखविण्यात तिचा उघड स्वार्थ होता.