अरे, मार की आता!

आधी एक कबुली. पूलच्या मॅचेस मी दीडपट स्पीडवर बघतो. (तुम्हीही हा एपिसोड तसाच ऐकताय, माहितीये मला.) खेळाडू टेबलाभोवती तिसरी चक्कर मारायला लागला की तोंडातून कॅरमवालं वाक्य निघतंच: "अरे, मार की आता!"

म्हणूनच मोस्कोनी कपमधलं शॉट क्लॉक मला आवडायचं. युरोप विरुद्ध अमेरिका, एका शॉटला ३० सेकंद. ऑफिसच्या टूर्नामेंटला मीच फोनवर टायमर लावला. आमच्या टीममधला एक जण शांतपणे, विचार करून खेळणारा. सेमीफायनलला त्याने घाईत मारलं आणि व्हाइट बॉलच पॉकेटमध्ये. हसला बिचारा. पण नंतर टेबलाकडे फिरकला नाही.

ते डोक्यात राहिलं, म्हणून मग इतिहास उघडला.

ज्याच्या नावाने हा कप आहे, तो विली मोस्कोनी. १९ मार्च १९५४, स्प्रिंगफील्ड, ओहायो. खेळ स्ट्रेट पूल, म्हणजे बॉल आणि पॉकेट आधी सांगायचं, एका बॉलला एक गुण, चुकेपर्यंत खेळत राहायचं. त्याने सलग ५२६ बॉल घातले, २ तास १० मिनिटांत. भागाकार करा: एका बॉलला जेमतेम १५ सेकंद! माणूस झपाझप खेळत होता. समोरचा मात्र तेवढा वेळ नुसता बसून. पुढे स्ट्रेट पूल मागे पडला आणि टीव्हीवर नाइन-बॉल आला. तो छोटा, पटकन संपणारा खेळ.

याहून भारी किस्सा बिलियर्ड्सचा. १९०७, टॉम रीस. दोन बॉल पॉकेटच्या तोंडाशी असे अडकवले की ते जागचे हलेनात, आणि क्यू-बॉल त्यांना हलकेच टेकवत गुण घेत राहिला. पाच आठवडे! ४,९९,१३५ गुण, मिनिटाला शंभरच्या आसपास. यापेक्षा वेगवान काय असणार? तरी अधिकृत विक्रम म्हणून नोंद झाली नाही, कारण पत्रकार आणि प्रेक्षक पूर्ण वेळ हजर नव्हते. कोण बसणार हो?

आणि उलट बाजूला १९८५ ची स्नूकर वर्ल्ड फायनल. स्टीव्ह डेव्हिस, डेनिस टेलर, १७-१७. शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली, शेवटच्या काळ्या बॉलपर्यंत. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली तरी १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर. ती फ्रेम लावली तेव्हा माझाही स्पीड आपोआप एकवर आला.

म्हणजे लोक सेकंदांना कंटाळत नाहीत. पुढे काय होणार हे दिसायला लागलं की कंटाळतात. सोप्या शॉटला उगाच खडू घासत बसणाऱ्याला घड्याळ दाखवावंच, त्यावर माझं मत बदललेलं नाही. पण अवघड सेफ्टी शोधणाऱ्यालाही तेच ३० सेकंद? टायमरला दोघांतला फरक कळत नाही. मला कळायला हवा होता.

सोमवारी त्याला विचारणार आहे, एक गेम टाकतोस का. फोन डेस्कवरच ठेवून जाईन.