मदेरा

१२. मदेरा : अटलांटिक महासागरातील याच नावाच्या पोर्तुगीज बेटावरची वाइन. तिच्यात द्राक्षांचा जहाल मद्यार्क मिसळत असल्याने ती साध्या वाइनपेक्षा कडक असते. मद्यार्काचे प्रमाण साधारण १८ ते २० टक्के. लेखक 'दर्यापार जाऊन आलेली' मदेरा मुद्दाम का मागतो, हे आजच्या वाचकाला सहज उमगणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे पिण्याचे पाणी व रसद घ्यायला या बेटावर थांबत आणि मदेराची पिंपे घेऊन मुंबई, मद्रास, कलकत्त्याकडे निघत. जहाजाच्या तळाशी, उष्ण कटिबंधातल्या उकाड्यात, महिनोन्‌महिने हेलकावे खात ही पिंपे तापत. कुठलीही दुसरी वाइन एवढ्या उष्णतेने नासली असती. मदेरा मात्र उलट खुलत गेली. म्हणून काही पिंपे हिंदुस्थानची फेरी करून परत इंग्लंडात नेत, आणि त्यांना चढा भाव मिळे. पुढे बेटावरच ही उष्णता देण्याची सोय झाली : स्वस्त मदेरा टाकीत किमान तीन महिने ४५ ते ५० अंश सेल्सियसला तापवतात, उत्तम मदेरा माळ्यावर पिंपांत वर्षानुवर्षे उन्हाच्या उबेवर मुरवतात. ही दुसरी रीत खरी. तिच्यातला भाजक्या अक्रोडाचा, जळत्या साखरेचा दरवळ टाकीतल्या मदेरात तितका उतरत नाही. 'सर्सियाल' ही कोरडी, आंबटसर मदेरा थंड करून जेवणाआधी घेतात. गोड 'मामझी' जेवणानंतर, लहान पेल्यातून, सावकाश. बाटली उघडल्यावरही ती महिनोन्‌महिने टिकते. प्रस्तुत प्रकरणात यजमान तीच बाटली पुन्हा काढतो, त्यात कंजुषी नाही.
—संपा.